खाडीचा हिशेब गाळात असतो

रत्नागिरीत तांबे वितळवणारा कारखाना येणार होता आणि तो आला नाही, हे आज तिशीच्या आतल्या पिढीला फारसे माहीत नसते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला स्टरलाइट कंपनीला शहरालगत झाडगावच्या औद्योगिक क्षेत्रात जागा मिळाली आणि बांधकामही सुरू झाले. आंबा बागायतदार आणि मच्छीमार एकत्र येऊन रस्त्यावर उतरले. जुलै १९९३ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी कंपनीला काम थांबवायला सांगितले. प्रकल्प तमिळनाडूत तुतिकोरीनला गेला. तिथल्या प्रदूषणाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये कंपनीला शंभर कोटी रुपये भरायला लावले. मे २०१८ मध्ये आंदोलकांवरच्या गोळीबारात १३ माणसे गेली आणि कारखाना बंद झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बंदच ठेवला.

या इतिहासामुळे ‘आपण वेळीच सुटलो’ अशी भावना रत्नागिरीत आहे आणि ती चुकीची नाही. पण जड धातू पाण्यात यायला तांब्याचीच भट्टी लागते असे नाही. जिल्ह्याच्या उत्तरेला, खेड तालुक्यात, लोटे-परशुराम ही रासायनिक वसाहत १९८०च्या दशकापासून चालू आहे. जयगडला कोळशावरचा १,२०० मेगावॉटचा वीज प्रकल्प आहे. मिरकरवाड्यासारखी मोठी मासेमारी बंदरे आहेत, वाढती शहरे आहेत, बागायतीतली फवारणी आहे. पारा, शिसे, कॅडमियम, क्रोमियम, तांबे, जस्त, निकेल आणि त्यांच्याबरोबरच मोजले जाणारे आर्सेनिक ही मंडळी या वाटांनी खाडीत येऊ शकतात. ती आल्यावर मासे, कालवे आणि खेकडे यांचे काय होते, आणि ती आली आहेत की नाही हे ओळखायचे कसे, याचा हा आढावा. निष्कर्ष आधीच सांगतो: आपण गेली कित्येक वर्षे चुकीच्या ठिकाणी शोधतो आहोत. बाटल्या पाण्याच्या भरतो आणि धातू बसलेला असतो चिखलात.

खाड्या कशा आहेत, धातू येतो कुठून

रत्नागिरी जिल्ह्याच्या नद्या आखूड. सह्याद्रीतून उतरतात, काही तासांत सपाटीवर येतात आणि लांबलचक खाडी होऊन समुद्राला मिळतात. वाशिष्ठी-जगबुडीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी, काजळीची भाट्ये खाडी, मुचकुंदीची पूर्णगड खाडी आणि दक्षिणेला राजापूर-जैतापूरची खाडी. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि खाड्या लाल, गढूळ, जवळजवळ गोड्या होतात. उरलेले आठ महिने भरती-ओहोटीचे राज्य. नदीचे पाणी आटते आणि समुद्राचे खारे पाणी आत चढते.

वाशिष्ठी याला थोडा अपवाद आहे. कोयनेचे पाणी वीज करून पोफळीजवळ वाशिष्ठीत सोडले जाते. वर्षाला सुमारे ६७.५ टीएमसी पाणी कृष्णेच्या खोऱ्यातून असे पश्चिमेकडे वळवायची मुभा आहे. त्यामुळे भर उन्हाळ्यातही या नदीला गोड्या पाण्याचा प्रवाह असतो. कारखानदारीला हे सोयीचे ठरते, कारण भरपूर पाण्यात सांडपाणी विरळ होते. विरळ होणे म्हणजे नाहीसे होणे मात्र नव्हे.

लोट्याच्या वसाहतीत प्रामुख्याने कीटकनाशके, रंगद्रव्ये, औषधांची कच्ची द्रव्ये आणि तत्सम रसायने बनतात. अशा कारखान्यांत धातू मुख्य माल म्हणून क्वचितच असतो. तो येतो उत्प्रेरक म्हणून, रंगद्रव्याचा घटक म्हणून, गंजलेल्या यंत्रांतून, आम्लांतल्या अशुद्धीतून. सामायिक प्रक्रिया केंद्रातून गेलेले पाणी नळाने करंबवणे येथे दाभोळ खाडीत सोडले जाते. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये सादर केलेल्या अहवालात या भागाचे वर्णन आहे. प्रक्रिया केंद्राची क्षमता पुरत नाही, तिथून ओसंडणारे पाणी कोतवले गावाच्या ओढ्यांत जाते, दाभोळ खाडीतले मासे घटले, असे समितीने नोंदवले. या पाण्यापायी कोतवल्याच्या सरपंचांनी तेच पाणी पिऊन जीव द्यायचा प्रयत्न केल्याचेही त्यात आहे. लोट्याने सुमारे अकरा हजार रोजगार दिले आणि खाडीवर जगणाऱ्या सुमारे वीस हजारांचे पोट मारले, हा हिशेब गाडगीळांनी पुढे अनेकदा मांडला. आकड्यांवर वाद घालता येईल. पण दाभोळ खाडीच्या दोन्ही तीरांवरच्या भोई वस्त्यांत कोणालाही विचारले तर मासळी कमी झाल्याचे उत्तर मिळते.

इतर वाटा लहान आहेत, पण मोजाव्या लागतात. सुपारीच्या कोळेरोगावर पावसाच्या तोंडाला बोर्डो मिश्रण मारतात. ते मोरचूद आणि चुन्याचे, म्हणजे तांब्याचेच. बोटींच्या तळाला शंखशिंपले चिकटू नयेत म्हणून लावायचा रंगही आज बहुधा तांब्याचा असतो, आणि बोट ओढून तळ घासला की त्याचा चुरा बंदराच्या चिखलात जातो. कोळशात पारा आणि आर्सेनिक अंशमात्र असतात. जळल्यावर काही राखेत राहतात, काही धुराबरोबर वर जातात. जुन्या बॅटऱ्या, गटारे, गॅरेजे, मूर्तींचे रंग यांतून शिसे आणि जस्त येते.

पाण्यात पडल्यावर

धातू कुजत नाही. सेंद्रिय कचरा जिवाणू खातात, कीटकनाशकही कालांतराने मोडते. कॅडमियम मात्र कॅडमियमच राहते. बदलते ते त्याचे रूप आणि ठिकाण.

नदीच्या गोड्या पाण्यात लोहाचे आणि सेंद्रिय पदार्थांचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात, आणि धातू त्यांना चिकटून येतात. खाडीत खारे पाणी भेटले की हे कण एकमेकांना धरतात, गुठळ्या होतात आणि खाली बसतात. म्हणून गोडे आणि खारे पाणी जिथे मिसळते तो पट्टा धातूंचा सापळा असतो. कांदळवनातला चिखल हा त्याचा सर्वांत घट्ट भाग. तिथे पाणी संथ असते, कण बारीक असतात आणि पृष्ठभागाखाली काही मिलिमीटरवरच प्राणवायू संपतो. प्राणवायू नसलेल्या काळ्या चिखलात गंधकाचे सल्फाइड तयार होते. भरती ओसरल्यावर येणारा तो ओळखीचा वास याचाच. तांबे, शिसे, जस्त, कॅडमियम सल्फाइडशी जखडले जातात आणि तिथे बरेचसे निरुपद्रवी होऊन पडतात.

हा साठा कायम कुलूपबंद राहत नाही. चिखल उपसला, वाळूसाठी पंप लावला, पुराने तळ खरवडला की काळा गाळ पुन्हा प्राणवायूला भेटतो, सल्फाइड मोडते आणि धातू मोकळे होतात. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या महापुरानंतर वाशिष्ठीतला गाळ उपसायची मागणी झाली आणि ते कामही सुरू झाले. पुराचा धोका पाहता ते गरजेचे होते. पण कुठल्याही खाडीतला गाळ काढण्यापूर्वी त्यात काय आहे हे तपासणे आणि तो शेतावर टाकायचा की भराव म्हणून वापरायचा हे त्यावरून ठरवणे, हा साधा नियम आपल्याकडे रुळलेला नाही.

पावसाळ्याचीही यात एक वेगळी भूमिका आहे. समुद्राच्या पाण्यात कॅडमियम बहुतांशी क्लोराइडशी बांधलेले असते आणि त्या रूपात ते जिवांच्या अंगात कमी शिरते. पावसाने खाडी गोडी झाली की तेवढ्याच कॅडमियमचा मोकळा, म्हणजे अधिक विषारी, भाग वाढतो. त्याच दिवसांत कोळंबीची आणि माशांची पिल्ले खाडीत वाढत असतात. मे महिन्यातल्या एका तपासणीवरून जुलैतल्या खाडीबद्दल बोलता येत नाही.

पाऱ्याची गोष्ट सर्वांत निराळी. त्याच काळ्या, प्राणवायूविहीन चिखलात राहणारे काही जिवाणू साध्या पाऱ्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. हे काम करणारी जनुकांची जोडी २०१३ मध्ये सापडली. मिथाइल पारा मेदाचे आणि प्रथिनांचे अडसर सहज ओलांडतो, शरीरातून फार हळू बाहेर पडतो आणि अन्नसाखळीत पायरीगणिक वाढत जातो. इतर बहुतेक जड धातूंबाबत असे नसते. शिसे किंवा कॅडमियम एका जिवाच्या अंगात साठते, पण मोठ्या माशात लहान माशाहून ते जास्तच असेल असे नाही. ‘जड धातू अन्नसाखळीत वाढत जातात’ हे सरसकट वाक्य आपल्याकडे पाठ्यपुस्तकांपासून मोर्च्यांच्या फलकांपर्यंत दिसते. खरे पाहता ते मुख्यतः पाऱ्यालाच लागू आहे.

माशाच्या कल्ल्यापासून खेकड्याच्या कवचापर्यंत

माशाचा कल्ला म्हणजे अतिशय पातळ पडदा. त्यातून प्राणवायू आत येतो आणि मीठ-कॅल्शियमचा तोल राखला जातो. तांबे या पडद्यातली सोडियम ओढून घेणारी यंत्रणा बिघडवते. कॅडमियम आकाराने आणि विद्युतभाराने कॅल्शियमसारखे असल्यामुळे कॅल्शियमच्याच दारातून आत शिरते आणि कॅल्शियमची वाट अडवते. जस्त जास्त झाले तर कल्ल्यांवर बुळबुळीत थर चढतो आणि मासा गुदमरतो. हे झाले जास्त मात्रेचे परिणाम.

कमी मात्रेचे परिणाम अधिक घातक, कारण ते दिसत नाहीत. लिटरमागे काही मायक्रोग्रॅम तांबे माशाची वास घ्यायची शक्ती मंद करते, हे अमेरिकेत सॅल्मन माशांवरच्या प्रयोगांत दिसले आहे. वास न येणारा मासा शिकाऱ्याला ओळखत नाही, परतीची वाट शोधू शकत नाही. तो मरून तरंगत नाही, फक्त पुढच्या वर्षी जाळ्यात दिसत नाही. अंडी आणि पिल्ले मोठ्या माशांपेक्षा कितीतरी नाजूक असतात. खाडी ही कोळंबी, बोयटे, काळुंदर यांची पाळणाघराची जागा असल्यामुळे इथला सौम्य वाटणारा त्रास बाहेरच्या समुद्रातल्या पिकालाही भोवतो.

जिवांकडे बचावही असतो. मेटॅलोथायोनिन नावाचे गंधकयुक्त प्रथिन धातूला पकडून ठेवते. १९५७ मध्ये ते प्रथम घोड्याच्या मूत्रपिंडात सापडले, पुढे मासे आणि शिंपल्यांतही. धातू वाढला की हे प्रथिन वाढते, म्हणून ते प्रदूषणाची खूण म्हणूनही वापरता येते. पण बचावाला ऊर्जा लागते. ती वाढीतून आणि प्रजननातून कापली जाते. अशा जिवाला रोगी म्हणता येत नाही, पण तो खुरटा राहतो आणि अंडी कमी घालतो.

खेकडे आणि कोळंबीचे गणित वेगळे आहे. त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिनऐवजी तांब्यावर चालणारे हिमोसायनिन असते. म्हणून खेकड्यात तांबे सापडले एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही, ते असायलाच हवे. खेकडा कात टाकतो तेव्हा मात्र त्याला नव्या कवचासाठी भराभर कॅल्शियम ओढावे लागते, आणि कॅल्शियमची तीच वाट कॅडमियमही वापरते. त्यामुळे हे दिवस त्याच्यासाठी सर्वांत धोक्याचे. कालवेही तशीच फसवी. ती जस्त आणि तांबे मुळातच प्रचंड साठवतात. पण दिवसाला कित्येक लिटर पाणी गाळणारी, जागा न सोडणारी कालवे आणि तिसऱ्या शिसे, कॅडमियम, पारा यांचा नेमका अंदाज देतात. चिखलावरचा थर खाणारी निवटीही याच कामाची. ती फार दूर जात नाही, म्हणून तिच्या अंगात जे सापडेल ते त्याच चिखलातले.

दाभोळ खाडीत अधूनमधून मेलेल्या माशांचा खच लागतो आणि त्या दिवशी सगळी चर्चा जड धातूंवर येते. इथे थोडे थांबायला हवे. एका रात्रीत हजारो मासे मरतात तेव्हा कारण बहुधा प्राणवायू संपणे, अमोनिया, आम्ल किंवा एखादे विषारी द्रावक असते. जड धातू असे एका रात्रीत क्वचितच मारतात. खचाच्या दिवशी पाण्यात धातू सापडला नाही म्हणून कारखान्याला निर्दोष ठरवणे आणि मासे मेले म्हणून धातूच जबाबदार धरणे, दोन्ही चूक. तातडीचा गुन्हा आणि संथ विषबाधा यांचे पुरावे वेगळे असतात.

काळ्या कातळाचा पेच

कोकणात गाळातला धातू मोजताना एक अडचण येते आणि ती बरेच अभ्यास दुर्लक्षित करतात. सह्याद्री बसाल्टचा आहे, आणि बसाल्टमध्ये काही धातू मुळातच भरपूर असतात. भूरसायनशास्त्रात प्रमाण मानल्या गेलेल्या ट्युरेकियन आणि वेडेपोल यांच्या १९६१ च्या कोष्टकात बसाल्टमधले निकेल किलोमागे १३० मिलिग्रॅम, क्रोमियम १७० आणि तांबे ८७ आहे. त्याच कोष्टकात साधारण चिखलाच्या खडकात, म्हणजे शेलमध्ये, हे आकडे अनुक्रमे ६८, ९० आणि ४५.

भारतात खाडीच्या गाळासाठी कायदेशीर मर्यादाच नाही. म्हणून अभ्यासक अमेरिकेच्या सागरी संस्थेची १९९५ ची मार्गदर्शक मूल्ये वापरतात. त्यांत दोन पायऱ्या आहेत. खालच्या पायरीपर्यंत त्रास क्वचित, वरच्या पायरीपलीकडे त्रास बहुधा होतोच. निकेलसाठी या पायऱ्या २०.९ आणि ५१.६, क्रोमियमसाठी ८१ आणि ३७०. आता बसाल्टचे आकडे शेजारी ठेवा. एकही कारखाना नसलेल्या सह्याद्रीच्या ओढ्याचा स्वच्छ गाळसुद्धा निकेलच्या वरच्या पायरीच्या दुपटीपुढे जाऊ शकतो. म्हणजे ‘निकेल धोकादायक पातळीवर’ असा मथळा कोकणातल्या कुठल्याही खाडीवर लावता येईल आणि त्यातून प्रदूषणाबद्दल काहीच कळणार नाही.

उलटा खेळही चालतो. ‘इथल्या मातीतच धातू आहे’ असे म्हणून उद्योगाला हात झटकता येतात. त्यावर उत्तर त्याच कोष्टकात आहे. बसाल्टमध्ये शिसे किलोमागे अवघे ६ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.२२, पारा ०.०९. हे तीन धातू कोकणच्या कातळात जवळजवळ नाहीतच. खाडीच्या गाळात शिसे ४० झाले, तर ते अमेरिकन मोजमापात अजून खालच्याच पायरीवर बसते, पण सह्याद्रीच्या मानाने ते सहापटीहून अधिक वाढलेले असते. कोकणासाठी खरे इशारे निकेल-क्रोमियमचे नाहीत, शिसे, कॅडमियम आणि पाऱ्याचे आहेत.

यावर शास्त्रीय तोडगा जुना आहे. धातूचा आकडा सुटा न वाचता त्याचे गाळातल्या ॲल्युमिनियमशी प्रमाण काढायचे आणि ते मूळ खडकातल्या प्रमाणाशी ताडायचे. त्याहून चांगले म्हणजे खाडीत नळी रोवून गाळाचा खोल उभा नमुना काढायचा. वरचा थर आजचा, खालचा आजोबांच्या काळचा. शिसे-२१० या सुमारे २२ वर्षे अर्धायुष्य असलेल्या किरणोत्सारी समस्थानिकाने थरांचे वय काढता येते. लोटे सुरू होण्यापूर्वीचा थर आणि नंतरचा थर एकाच नळीत मिळतो, आणि वादाला जागा उरत नाही. कोकण-गोव्याच्या खाड्यांतल्या गाळावर गोवा विद्यापीठात प्रा. जी. एन. नायक यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे याच पद्धतीचे काम केले आहे. एकूण धातू किती यापेक्षा त्यातला किती जिवांना उपलब्ध आहे हे काढण्यावरही त्यांचा भर असतो. पद्धत परदेशातून आणायची नाही, शेजारून शिकायची आहे.

पाणी म्हणजे दुकानाचा रोजचा गल्ला आणि गाळ म्हणजे खातेवही. गल्ला रात्री रिकामा होतो. कोणी किती दिले, कधी दिले, ते वहीतच राहते.

कायदा काय मोजतो

पाणी प्रदूषण रोखायचा केंद्रीय कायदा १९७४ चा, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. त्याखालच्या नियमांत कारखान्याच्या सांडपाण्याच्या मर्यादा आहेत. समुद्रकिनाऱ्याच्या पाण्यात सोडायचे असेल तर त्यांतल्या काही अधिक सैल होतात. नदीत सोडताना शिशाची मर्यादा लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम, किनाऱ्याच्या पाण्यात २. सहा-संयुजी क्रोमियमची नदीत ०.१, किनाऱ्याला १. जस्ताची नदीत ५, किनाऱ्याला १५. समुद्र अफाट आहे, तो पचवेल, हा त्यामागचा विचार. पण करंबवण्याजवळची दाभोळ खाडी अफाट समुद्र नाही. भरतीबरोबर सांडपाणी वर चढते, ओहोटीबरोबर खाली जाते आणि पुन्हा येते. खाडीला नदी मानायचे की समुद्र, यावर शिशाची मर्यादा वीसपटीने बदलते.

दुसरी अट माशांची. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात मासे ९६ तास ठेवायचे आणि त्यातले ९० टक्के जगले पाहिजेत. तीव्र विष पकडायला ही चाचणी चांगली आहे. पण वास न येणे, अंडी कमी होणे, पिल्लांचे खुरटणे हे चार दिवसांत दिसत नाही. जड धातूंच्या खऱ्या परिणामांना ही चाचणी आंधळी आहे.

नद्यांच्या नियमित तपासणीतही महिन्यागणिक मोजले जाते ते प्राणवायू, जैविक ऑक्सिजन मागणी, सामू, जिवाणू वगैरे. धातूंची पाळी बहुधा वर्षातून एकदा येते, आणि तीही पाण्यातल्या. गाळ आणि शिंपले यांचा कायमस्वरूपी, प्रसिद्ध होणारा तक्ता जिल्ह्याकडे नाही. शोधनिबंध निघतात, पण प्रत्येकाची जागा वेगळी, ऋतू वेगळा, पद्धत वेगळी. त्यांचे आकडे एका रेषेत बसत नाहीत आणि ‘वाढले की कमी झाले’ या एकमेव महत्त्वाच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

इतरांनी काय शिकवले

जपानच्या मिनामाता शहरात १९५६ मध्ये हातपाय थरथरणे, दृष्टी अरुंद होणे असा विचित्र आजार अधिकृतपणे नोंदला गेला. चिस्सो कंपनी ॲसिटाल्डिहाइड बनवताना पारा वापरत होती आणि तो खाडीत सोडत होती. पाण्यातला पारा फारसा नव्हताच. तो चिखलात, शिंपल्यांत आणि माशांत होता. माणसांच्या आधी मांजरे वेडीवाकडी नाचून मेली होती. सरकारने कारण अधिकृतपणे मान्य करायला १९६८ साल उजाडले. पाऱ्याबाबतचा जागतिक करार त्या शहराच्या नावाने २०१३ मध्ये झाला, २०१७ मध्ये लागू झाला, आणि भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली.

आपल्या दारचे उदाहरण ठाण्याच्या खाडीचे आणि उल्हासचे. मीठ-पाण्यातून कॉस्टिक सोडा काढणारे जुने कारखाने पाऱ्याचे विद्युतघट वापरत. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या झिंगडे आणि देसाई यांनी १९८१ मध्ये ठाणे खाडीतल्या पाऱ्यावर लिहिले. २००३ मध्ये त्याच संस्थेच्या चमूने उल्हास खाडीच्या गाळातला पारा थराथराने मोजून त्याचा इतिहास उलगडला. पारा सोडायचा थांबला तरी गाळातला साठा राहतो आणि नव्या गाळाखाली हळूहळू गाडला जातो, हे अशा नळ्यांतून वाचता येते. मुंबईच्या खाडीसाठी जमले ते दाभोळ-जयगडसाठी अशक्य नाही.

तिसरा धडा आशेचा आहे. बोटींच्या तळाच्या रंगात पूर्वी कथिलाचे ट्रायब्युटिलटिन हे संयुग असे. त्याने मादी गोगलगायींना नराचे अवयव फुटत, कालवांचे शिंपले जाड आणि वेडेवाकडे होत. फ्रान्सच्या आर्काशाँ खाडीतला कालवांचा धंदा त्यापायी बुडू लागला, तेव्हा १९८२ मध्ये तिथे लहान बोटींना हा रंग बंद झाला आणि कालवे सावरली. २००१ चा आंतरराष्ट्रीय करार २००८ मध्ये लागू झाला आणि हा रंग जगभरच्या जहाजांवरून गेला. स्रोत एकच असेल आणि बंदी नेमकी असेल, तर खाडी आपली आपण सुधारते.

ताटातला मासा

मग खायचे की नाही? कोकणातल्या घरात हा प्रश्न सरळ विचारला जातो आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमात अन्नातल्या मिथाइल पाऱ्याची मर्यादा किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम आहे. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने एका माणसासाठी आठवड्याला वजनाच्या किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम ही सुरक्षित मर्यादा धरली आहे. साठ किलोच्या माणसाला ती ९६ मायक्रोग्रॅम होते. म्हणजे मर्यादेला टेकलेला मासा आठवड्याला सुमारे ३८० ग्रॅम खाल्ला की मर्यादा गाठली. शहरात आठवड्यातून एकदा मासे खाणाऱ्याला हे पुरेसे आहे, रोज दोन वेळा मासळी असलेल्या भोयाच्या किंवा खारव्याच्या घराला नाही. बाजारातला मासा नियमात बसतो याचा अर्थ किनाऱ्यावरचे घर सुरक्षित आहे असा होत नाही. गर्भवती बायका आणि लहान मुले यांच्यासाठी तर ही मर्यादा आणखी जपायची.

दिलासा असा की मिथाइल पारा मुख्यतः मोठ्या, शिकारी, जास्त वर्षे जगणाऱ्या माशांत असतो, म्हणजे मुशी आणि मोठ्या सुरमईसारख्यांत. बांगडा, तारली, बोयटे, जवळा यांत तो सहसा फार कमी. चिखलातल्या कॅडमियम आणि शिशासाठी मात्र काळजी शिंपल्यांची घ्यायची. सांडपाण्याच्या नळाजवळच्या खडकांवरची कालवे आणि तिथल्या चिखलातल्या तिसऱ्या टाळणे शहाणपणाचे. माकुलाचे पोट साफ करताना त्यातली काळपट-तपकिरी ग्रंथी काढून टाकावी, कॅडमियम तिथेच साठते. भारतातून युरोपला गेलेली माकुले कॅडमियममुळे अडवली गेल्याच्या नोंदी आहेत. त्यातले काही कॅडमियम खोल समुद्रातून नैसर्गिकपणे येते. पण युरोपचा ग्राहक तपासून घेतो आणि रत्नागिरीच्या बाजारातला ग्राहक तपासत नाही, हा फरक उरतोच.

करायचे काय

करण्यासारखे बरेच आहे आणि त्यातले बहुतेक महाग नाही. अमेरिकन वैज्ञानिक एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्ये सुचवले की किनाऱ्यावर ठरलेल्या जागी, ठरलेल्या ऋतूत, दरवर्षी शिंपले गोळा करून त्यातले धातू मोजावेत. तिथल्या सागरी संस्थेने १९८६ पासून ते केले. रत्नागिरीला हे करायला संस्था आहेत. शहरात १९५८ पासूनचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, शिरगावला १९८१ पासूनचे मत्स्य महाविद्यालय आहे, आणि दोन्ही दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची. पाच खाड्या, प्रत्येकीत वरची, मधली आणि तोंडाजवळची जागा, पावसाआधी आणि पावसानंतर कालवांचा, तिसऱ्यांचा आणि गाळाचा एक-एक नमुना. औद्योगिक सांडपाणी नसलेली एखादी नदी तुलनेसाठी. असा तक्ता दहा वर्षे चालला तर वाद मिटतील किंवा निदान नेमके होतील.

त्याबरोबर दाभोळ खाडीत गाळाच्या चार-पाच खोल नळ्या एकदाच काढून लोट्यापूर्वीची आणि नंतरची पातळी कायमची नोंदवायला हवी. कोकणच्या बसाल्टला आणि जांभ्याला धरून गाळाची स्वतःची मोजपट्टी ठरवायला हवी, जिच्यात निकेलचा खोटा गजर नसेल आणि शिशाकडे दुर्लक्षही नसेल. सांडपाणी सोडायच्या अटींत खाडीला समुद्राचे नियम लावणे थांबवायला हवे. गाळ उपसण्याच्या प्रत्येक परवान्याला धातूंच्या तपासणीची अट हवी. आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकाल मराठीत, गावाच्या नावानिशी, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागायला हवेत. ज्याच्या जाळ्यात मासा येत नाही, त्याला मुंबईतल्या संकेतस्थळावरची इंग्रजी फाईल उपयोगाची नाही.

१९९३ मध्ये रत्नागिरीने भट्टी नाकारली तेव्हा तिच्या हातात मोजमाप नव्हते, फक्त धोक्याची जाण होती आणि ती बरोबर निघाली. पण चालू कारखान्याला उत्तरदायी धरायला आणि नव्या प्रकल्पाला हो किंवा नाही म्हणायला आता जाण पुरत नाही. बारसूची रिफायनरी असो, जैतापूरचा अणुप्रकल्प असो की लोट्याची पुढची वाढ, प्रत्येक सुनावणीत दोन्ही बाजू आपापले पाण्याचे नमुने घेऊन येतात आणि दोन्ही खरे असू शकतात. खाडीचा आधारभूत तक्ता आज तयार झाला, तर दहा वर्षांनी त्याच्याकडे बोट दाखवून बोलता येईल. तो नसला, तर दहा वर्षांनीही कारखाना पाण्याची बाटली दाखवेल, भोई रिकामे जाळे दाखवेल, आणि निकाल ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने लागेल.